वजनाचा रोजमेळ

भोकरदनच्या मोंढ्यात पोते काट्यावर चढले की चार माणसांच्या नजरा आकड्यावर खिळतात. आडत्या पाहतो, मापाडी पाहतो, हमाल पाहतो आणि ज्याचा माल असतो तो शेतकरी तर श्वास रोखून पाहतो. सोयाबीनच्या ओलाव्यापोटी किती तूट धरावी यावर तावातावाने वाद होतात, कारण दोनशे ग्रॅमलाही तेथे किंमत असते. त्याच दुकानाच्या गादीवर बसणारा धनी तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारांत दोन महिन्यांत आठ किलोंनी उतरतो, तेव्हा मात्र ती तूट कोणीही मोजलेली नसते. ‘सदरा ढिला झाला’, ‘गाल बसले’ एवढेच घरात बोलले जाते. डॉक्टरांनी विचारले तर कुटुंबीय एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

हा रोग आपल्याकडे दुर्मिळ राहिलेला नाही. जागतिक कर्करोग नोंदीच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. जगातील अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपल्याच देशातील. महाराष्ट्राने तर हा रोग सार्वजनिक जीवनातही जवळून पाहिला आहे. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवार यांना तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणोपचाराची ३६ सत्रे झाली, आणि त्या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते. दुपारपर्यंत मंत्रालयाचे काम आणि नंतर रुग्णालय, असा तो क्रम त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितला आहे. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे मात्र १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने निधन झाले. वय अवघे ५७. या दोन उदाहरणांतून आहाराविषयी काही सिद्ध होत नाही. एवढेच दिसते की या रोगावर उपचार आहेत, ते दीर्घ चालतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत शरीर पुरावे लागते.

शरीर पुरवायचे कसे, हा प्रश्न जैन घरात थोडा वेगळ्या रूपात उभा राहतो. ज्या घरात कमी खाणे हे संयमाचे लक्षण मानले जाते, जेथे ऊणोदरीला तपाचे स्थान आहे आणि आजारपणात ‘पोटाला विश्रांती द्यावी’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सल्ला आहे, तेथे अधिक खाणे हाच उपचाराचा भाग आहे, ही गोष्ट सहज पटत नाही. सर्दी-तापात दोन दिवसांचे लंघन अंगी लागू पडत असेल. परंतु कर्करोग आणि त्यावरील उपचार दोन दिवसांत आटोपत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, असा सहा ते सात आठवडे चालतो. पहिला आठवडा बरा जातो. रुग्ण चहा-खाखरा घेतो, आल्यागेल्याशी बोलतो, आणि घर निर्धास्त होते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वा तिसऱ्यात तोंडाची आतली त्वचा सोलवटू लागते. लाळ घट्ट व चिकट होते, पुढे आटत जाते. चव जाते. गिळताना काच गिळल्यासारखे वाटते. शेवटच्या आठवड्यांत हा त्रास शिगेला पोहोचतो, आणि उपचार संपल्यावरही दोन ते चार आठवडे रेंगाळतो. म्हणजे खाणे ज्या काळात सर्वाधिक आवश्यक, नेमके त्याच काळात ते सर्वाधिक कठीण होते.

वजन उतरल्याने केवळ अशक्तपणा येतो असे नाही. किरण नेमके ठरलेल्या जागी पडावेत म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीदार साचा तयार करतात आणि रोज तोच चेहऱ्यावर बसवतात. गाल व मान सुकली की साचा सैल पडतो. कधी पुन्हा माप घ्यावे लागते, पुन्हा आखणी करावी लागते. जखम भरणे मंदावते, जंतुसंसर्ग लवकर होतो, केमोथेरपीची मात्रा सोसत नाही. अशा कारणांनी उपचारात खंड पडला तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. शिवाय उतरलेले किलो केवळ चरबीचे नसतात, स्नायूंचेही असतात, आणि स्नायू परत मिळवणे फार सावकाशीचे काम आहे. बुडीत गेलेल्या मुद्दलाची वसुली व्याजाच्या वसुलीइतकी सोपी नसते, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको.

म्हणून पहिले काम रोजमेळ घालण्याचे. उपचार सुरू होण्यापूर्वीचे वजन ही आरंभीची शिल्लक. त्यानंतर दर सोमवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. शेजारच्या रकान्यात दिवसभरात पोटात काय गेले ते लिहावे; ‘थोडे दूध’ असे नव्हे, ‘२०० मिली दूध’ असे. साठ किलोंच्या माणसाचे एका महिन्यात तीन किलो उतरणे म्हणजे पाच टक्के, आणि ही धोक्याची खूण मानतात. एकाच आठवड्यात दोन किलो गेले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वही सोबत न्यावी. ‘जेवण बरे चालले आहे’ या तोंडी अहवालापेक्षा दोन पानांची नोंद आहारतज्ज्ञाला कितीतरी अधिक सांगते.

गरज किती, याचा हिशेब अवघड नाही. उपचार घेणाऱ्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी ऊर्जा आणि सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोंच्या माणसाला ढोबळमानाने १,८०० कॅलरी आणि किमान ७२ ग्रॅम प्रथिने. आता बहुतेक घरांत प्रत्यक्षात काय दिले जाते ते पाहावे. सकाळी अर्धा कप चहा, मग मुगाच्या वरणाचे पाणी, दुपारी पातळ पेज, भेटायला आलेल्यांनी आणलेले शहाळे, संध्याकाळी मोसंबीचा रस आणि तो आंबट लागला म्हणून अर्धाच. देणाऱ्याची माया खरी असते. पण वरणाच्या पाण्यात वरण नसते आणि एक पेला शहाळ्यात चाळीस-पन्नास कॅलरींपलीकडे फारसे काही नसते. दिवसाची बेरीज हजारापर्यंतही पोहोचत नाही. मग महिन्याअखेर मुद्दलालाच हात लागतो.

हाच जमाखर्च शुद्ध शाकाहारात, कंदमुळाशिवाय, पूर्ण बसतो. मलईसह एक लिटर दुधात साधारण ८७० कॅलरी आणि ३३ ग्रॅम प्रथिने. त्यात दिवसभरात विभागून पन्नास ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर मिसळली तर १८० कॅलरी व १८ ग्रॅम प्रथिने वाढतात आणि पेल्याचा आकार वाढत नाही. ज्याला चार घोटही जड जातात त्याच्यासाठी हे फार मोलाचे. पाऊण वाटीच्या आसपास, म्हणजे ७५ ग्रॅम मूगडाळ घट्ट शिजवून घोटली की २६० कॅलरी व १८ ग्रॅम प्रथिने. साठ ग्रॅम रवा किंवा तांदूळ २१० कॅलरी व चार ग्रॅम. तीस ग्रॅम तूप २७० कॅलरी. बेरीज १,७९० कॅलरी आणि ७३ ग्रॅम प्रथिने. हे सर्व भोकरदनच्या कोणत्याही किराणा दुकानात व दूध डेअरीवर मिळणारे पदार्थ आहेत. पोषक पावडरीचे महागडे डबे निषिद्ध नाहीत, प्रवासात ते सोयीचेही पडतात. पण डबा घेणे परवडत नाही म्हणून रुग्ण खंगला, असे होण्याचे कारण नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र वरील आकडे तसेच्या तसे न घेता डॉक्टरांकडून बदलून घ्यावेत, आणि दूध पचत नसेल तर दही, पनीर किंवा सोयाबीनच्या दुधाकडे वळावे.

रुग्णालयात मिळणाऱ्या आहाराच्या चिठ्ठीवर पुष्कळदा अंडे, मध, बटाटा, गाजराचे सूप असे लिहिलेले असते. ती चिठ्ठी पाहून घरातील वडीलधारे एक तर चिडतात किंवा ती गुपचूप घडी घालून ठेवून देतात. दोन्ही अयोग्य. आहारतज्ज्ञाला आपला नियम स्पष्ट सांगावा. पर्याय देणे हे त्यांचे कामच आहे. एका अंड्यातील प्रथिने पस्तीस ग्रॅम पनीर भरून काढते. बटाट्याच्या जागी उकडून घोटलेले कच्चे केळे जैन स्वयंपाकघराला परके नाही, गाजराच्या जागी लाल भोपळा आहे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांनी डाळीची वेळ आणि दह्याची वेळ वेगळी ठेवावी. सहा वेळा खायचे असल्याने ते सहज जमते. शिळे न खाण्याची शिस्त तर येथे औषधासारखी उपयोगी पडते, कारण घोटलेले अन्न तासन्‌तास ठेवले तर त्यात जंतू वाढतात आणि उपचारांनी क्षीण झालेल्या शरीराला ते झेपत नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्याचेही तसेच.

आयंबिलाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. ओळीच्या दिवसांत ज्या घरात मिरची, मसाला, हळद-तिखट बाजूला ठेवून केवळ उकडलेले अन्न शिजते, त्या घराला कर्करुग्णाचा स्वयंपाक नव्याने शिकावा लागत नाही. तोंड सोललेले असताना तिखट, आंबट, कडक आणि अति गरम या चारही गोष्टी वर्ज्य. सौम्य, मऊ व कोमट तेच चालते. अर्धे काम आयंबिलाच्या चुलीने आधीच केलेले असते. पण उरलेले अर्धे नेमके उलट आहे. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर या विगई सुटतात. रुग्णाला त्याच सर्वांत अधिक हव्यात. फिकी खिचडी आयंबिलाची, आणि तिच्यावर दोन चमचे तूप रुग्णाचे. रव्याची पातळ खीर, नाचणीचे सत्त्व दुधात, मूगडाळीचा सैलसर शिरा, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेला खाखरा, मिक्सरमधून काढलेला वरणभात, पिकलेल्या केळ्याचे दाट दूध; यादी घरातल्या गृहिणीने वाढवावी, तिला ती अधिक कळते.

‘कर्करोगाला उपाशी मारावे’ ही कल्पना अलीकडे मोबाईलवरून फार फिरते. साखर बंद, दूध बंद, केवळ रस आणि काढे. गाठ उपाशी मरत नाही. शरीराच्या स्नायूंतून आपले भागवून घेते. उपाशी राहतो तो रुग्ण. रोगनिवृत्तीसाठी त्याच्या नावाने अठ्ठाई करण्याची कोणाची भावना असेल तर ती घरातील निरोगी व्यक्तीने करावी. आणखी एक व्यवहारातली सूचना: पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेले नसेल, तर एकदम भरपूर अन्न सुरू करू नये. रक्तातील क्षारांचे संतुलन धोकादायकरीत्या बिघडू शकते. अशा वेळी आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेने.

आता रात्रीभोजनाचा प्रश्न. अनेक ज्येष्ठ श्रावकांचा चौविहार वर्षानुवर्षांचा असतो, आणि रोगाच्या भीतीने तो सुटणे त्यांना रोगाइतकेच बोचते. त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी घड्याळ पाहावे. डिसेंबरात भोकरदनला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. नवकारसी पाळूनही सकाळी आठ, दहा, बारा, दुपारी दोन, चार आणि साडेपाच अशा सहा वेळा मिळतात. प्रत्येक वेळी तीनशे कॅलरी दिल्या की अठराशे पूर्ण होतात. अट एकच, की एकही वेळ चुकता कामा नये, आणि वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खाण्यापूर्वी अर्धा तास दिले जावे. दोन वेळा चुकल्या तर रात्री भरपाईची सोय नाही, हे नियम पाळणाऱ्यानेच आधी समजून घ्यावे.

पाण्याचे मात्र तसे नाही. किरणांनी लाळग्रंथी कोरड्या पडल्या की रात्री जीभ टाळूला चिकटते, झोप मोडते, ओठ फाटतात. तेथे चौविहाराच्या जागी तिविहार घेतल्यास पाणी मोकळे होते. त्याहून अधिक सवलतीची गरज पडली तर शास्त्रकारांनी तीही पूर्वीच विचारात घेतली आहे. पोरिसी, उपवास आदी पच्चक्खाणांच्या पाठांत जे आगार सांगितले आहेत, त्यांत ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली तर औषधोपचारासाठी घेतलेली मोकळीक त्यामुळे व्रतभंग ठरत नाही. अर्थात हा निर्णय मुलाने किंवा सुनेने सांगितलेला सहसा रुचत नाही. जवळपास विराजमान असलेल्या महाराजसाहेबांना वा साध्वीजींना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून एकदा विचारावे. त्यांच्या दोन शब्दांनी जे साधते, ते घरच्यांच्या दोन आठवड्यांच्या विनवण्यांनी साधत नाही.

सर्वांत मोठी अडचण नळीची असते. भोकरदनसारख्या गावात ‘त्यांना नळी लागली’ हे वाक्य दबक्या आवाजात उच्चारले जाते, जणू सर्व संपले. म्हणून रुग्ण नकार देतो, आणि घरचे त्या नकाराला साथ देतात. ‘बाबूजी, दोन घोट तरी घ्या’ असे म्हणत सून दिवसभर पेला घेऊन उभी राहते आणि रात्री वहीत तीनशे कॅलरींची नोंद होते. वास्तविक जीभ वा जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत नाकातून नळी घालणे ही नेहमीची पद्धत आहे, आणि किरणोपचारात गिळणे अवघड झाल्यावर ती पुन्हा घालणे हाही त्याच उपचाराचा भाग. चार आठवड्यांहून अधिक काळ लागणार असेल तर पोटातून नळी बसवण्याचा विचार करतात. वजन सहा-सात किलो उतरल्यावर घातलेली नळी तूट थांबवते, भरून काढायला वेळ लागतो. वेळेवर घातलेली नळी तूट पडूच देत नाही. सर्वस्व गेल्यावर विमा उतरवण्यात काय अर्थ!

नळीतून द्यायचे अन्न तेच, घरचेच: दूध, घोटलेली डाळ, रव्याची पेज, तूप, केवळ बारीक करून गाळलेले. रुग्णाला बसवून, किंवा पाठ उंच करून, एका वेळी २०० ते २५० मिली, सावकाश द्यावे. आधी आणि नंतर थोडे स्वच्छ पाणी सोडावे, म्हणजे नळी तुंबत नाही. त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. नळी सरकल्याची शंका आली, खोकला वा गुदमरल्यासारखे झाले, तर देणे तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. नळी असली तरी झेपेल तेवढे घोट तोंडाने घेत राहण्यास डॉक्टर बहुधा सांगतात, कारण गिळण्याचे स्नायू वापराअभावी विसरतात. डॉक्टरांनी मनाई केली असेल तर मात्र ती तंतोतंत पाळावी.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तरीही भोकरदनहून रोज जाऊन-येऊन उपचार घेणे म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात आणि सहापैकी दोन-तीन वेळा हुकणे. शक्य असल्यास शेवटचे तीन-चार आठवडे तरी शहरात नातेवाइकांकडे वा धर्मशाळेत मुक्काम करावा. परगावी समाजबांधवांकडे रुग्ण घेऊन राहण्याचा संकोच वाटतो. ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे त्यांनीच तो दूर केलेला बरा. भेटायला येणाऱ्यांनी ‘किती वाळलात हो!’ हा उद्गार दाराबाहेर ठेवावा, आणि फळांच्या करंडीऐवजी किलोभर घरचे तूप आणावे.

तोंडाची निगा खाण्याइतकीच आवश्यक. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून, खाण्यापूर्वी, खाल्ल्यावर आणि मध्येही अनेकदा चूळ भरावी. तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवतात ते कंटाळून सोडू नयेत. निरोगी तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात, एकच मावू लागले की चमचाही शिरत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे सुपारी चघळली त्यांचे तोंड रोगापूर्वीच आखडलेले असते. तंबाखू नसलेली साधी सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये दिला आहे. तरी जेवणानंतरच्या मुखवासाच्या डब्यात ती असते, आणि आपल्यांतील काहींच्या काउंटरवरही लटकत असते. तंबाखू नको म्हणणारे कित्येक घर सुपारीला निरुपद्रवी समजते, हे दुर्दैव.

किरणोपचाराचे शेवटचे सत्र झाले की घरात पेढे वाटले जातात आणि वही बंद होते. ती चूक ठरते. पुढचे दोन ते चार आठवडे तोंड तसेच दुखते, आणि आता रोज तपासणारे कोणी नसते. अनेकांचे वजन नेमके याच काळात घसरते. म्हणून वजन सलग काही आठवडे स्थिर राहीपर्यंत सोमवारची नोंद चालू ठेवावी. तोंडाने पुरेसे खाऊनही वजन उतरत नाही, हे वहीत दिसले की नळी काढण्याचा विचार डॉक्टर करतात. चव हळूहळू, काही महिन्यांत परतते. लाळेची उणीव त्याहून अधिक काळ राहते, त्यामुळे कोरडी पोळी पातळ वरणात बुडवूनच खावी लागते. पहिला खरा घास बहुधा तूप घातलेल्या मऊ वरणभाताचा असतो, मग दूध-पोळी, मग लाल भोपळ्याची फिकी भाजी. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातील मिरचीला मात्र पुष्कळ दिवस थांबावे लागते.